जर्नलमध्ये एक चुकीचं पान असू द्या

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या अभियांत्रिकी अभ्यास मंडळांचे सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल शिकवायला लागून मला तेवीस वर्षं झाली. हे पत्र मी बरंच आधी लिहायला हवं होतं. निदान त्या दिवशी तरी, ज्या दिवशी ओहमचा नियम शिकवताना शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो ना?"

मी म्हटलं, हो.

"मग आमच्या विहिरीवरची मोटार व्होल्टेज कमी असतानाच का जळते? वायरमन म्हणतो, तेव्हा ती करंट जास्त ओढते. गेल्या उन्हाळ्यात दोनदा भरून आणली."

वर्ग हसला. मी घड्याळाकडे पाहिलं. तास संपायला बारा मिनिटं होती आणि किरचॉफ बाकी होता. "इंडक्शन मोटार पाचव्या युनिटमध्ये आहे, तेव्हा बघू," असं सांगून मी त्याला बसवलं. पाचवं युनिट नेहमीप्रमाणे सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात दोन तासांत उरकलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. परीक्षेत मात्र त्याने ओहमच्या नियमाची व्याख्या पुस्तकात होती तशी, 'तापमान व इतर भौतिक परिस्थिती स्थिर असताना' या शब्दांसकट लिहिली. मी पूर्ण मार्क दिले.

आज वाटतं, त्या सेमिस्टरमध्ये खऱ्या अर्थाने इलेक्ट्रिकलचा विचार त्या एकाच मुलाने केला होता. ओहमचा नियम रोधाला, म्हणजे रेझिस्टन्सला, लागू होतो. मोटार म्हणजे रोध नव्हे. तिला तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं. व्होल्टेज पडलं की तिचा वेग मागे पडतो (आम्ही म्हणतो, स्लिप वाढते), करंट वाढतो, वायंडिंग तापतं आणि जळतं. म्हणजे हा नियम कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हा त्याचा प्रश्न होता. तो प्रश्न त्याने घरून आणला होता, रात्रीच्या लाइटला बापाबरोबर स्टार्टरपाशी उभं राहून. मी त्याच्या हातातलं ते काढून घेतलं आणि बदल्यात एक व्याख्या दिली.

मूल वर्गात येतं तेव्हा त्याची पाटी कोरी नसते, त्याच्याकडे आधीच एक समज असते, नवं ज्ञान तो त्या समजेवर स्वतः रचतो. आपण सांगितलेलं त्याच्या डोक्यात जसंच्या तसं उतरत नाही. या विचाराला आपल्याकडे ज्ञानरचनावाद म्हणतात. पियाजे, व्हिगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांची नावं बी.एड.च्या पोरांना पाठ असतात. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातून हा शब्द शाळांत आला. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी त्याचं काय करता येतं ते दाखवलं आणि राज्यभरातले शिक्षक त्या शाळा बघायला गाड्या करून गेले. 2015 मध्ये शासनाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रमच काढला. पहिलीतलं पोर चिंचोके आणि काड्यांचे गठ्ठे हाताळत दशक-एकक स्वतः शोधतं, हे आता खेड्यातल्या पालकांनाही नवीन नाही. तेच पोर बारा वर्षांनी आपल्याकडे येतं आणि आपण त्याला सांगतो, खाली मान घालून उतरवून घे.

त्याच वेळी शाळांमध्ये त्या शब्दाचं पुढे काय झालं, हेही मला ठाऊक आहे. माझी धाकटी जाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती सांगते, बऱ्याच ठिकाणी ज्ञानरचनावाद म्हणजे फरशीवरची रंगरंगोटी एवढंच उरलं. साहेब तपासणीला आले की फरशी बघायचे. मुलं त्या फरशीवर काय करतात, हे बघायला त्यांना वेळ नसायचा. आपल्याकडची फरशी म्हणजे एक्सेल. 2014 मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि आउटकम बेस्ड एज्युकेशन आलं. कल्पना अतिशय रास्त होती: शिक्षकाने काय शिकवलं यापेक्षा विद्यार्थ्याला शेवटी काय करता येतं ते बघा. प्रत्यक्षात आम्ही सीओ-पीओ मॅपिंगचे (विषयाची उद्दिष्टं पदवीच्या उद्दिष्टांशी जोडायचे) तक्ते भरतो, ब्लूमच्या विचारपातळ्यांच्या यादीतली क्रियापदं शोधून प्रश्नापुढे टाकतो, उद्दिष्टपूर्तीचा आकडा, म्हणजे अटेनमेंट, 2.1 आली की 2.3 कशी करायची यावर एनबीए या मूल्यांकन मंडळाच्या तपासणीआधी रात्री जागवतो. 'एक्स्प्लेन'च्या जागी 'अ‍ॅनालाइझ' लिहिलं की प्रश्न वरच्या पातळीचा होतो. उत्तर तेच असतं, लोकल ऑथरच्या पुस्तकातलं.

म्हणून मी आपल्याकडे नवा वाद, नवा आराखडा, शिक्षकांसाठी नवं प्रशिक्षण (एफडीपी) मागत नाही. माझी मागणी एका पानाची आहे. पण त्या पानाकडे येण्याआधी प्रयोगशाळेत काय चालतं ते बोलावं लागेल, कारण आपल्यातले बरेच जण गेली काही वर्षं प्रयोगशाळेत फक्त एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, म्हणून आले आहेत, आणि एक्स्टर्नल येणार म्हटलं की आमची लॅब वेगळीच दिसते.

वीस मुलांची बॅच, चार टेबलं, एका टेबलाला पाच जण. एक जण जोडणी करतो, एक जण रीडिंग लिहितो, तिघं बघतात किंवा मोबाईल चाळतात. (लिहिणारी बहुतेक वेळा मुलगी असते. अक्षर चांगलं असतं म्हणे. तेवीस वर्षांत मी हे मोडू शकलेले नाही. टेबलावर 'आज वायर मुलींनी जोडायच्या' असं सांगितलं की पहिली दहा मिनिटं मुलं मागे हात बांधून उभी राहतात आणि मग हळूच पुढे सरकतात.) प्रयोगाचं नाव असतं 'सुपरपोझिशन प्रमेयाची पडताळणी'. त्याच्या आधीच्या आठवड्यात किरचॉफच्या नियमाची पडताळणी झालेली असते, पुढच्या आठवड्यात थेवेनिनच्या प्रमेयाची असते. आपल्या यादीतल्या प्रयोगांची नावं एकदा सलग वाचून बघा. सगळीकडे पडताळणी. म्हणजे उत्तर आधी ठरलेलं, प्रयोग नंतर. निष्कर्षाची ओळ मुलं पहिल्या पानाबरोबरच लिहून मोकळी होतात: 'अशा प्रकारे प्रमेय सिद्ध झाले.' रीडिंग जुळलं नाही तर सिनियरच्या फाइलमधलं घेतात. त्यात त्यांचा दोष नाही. जुळलेल्या रीडिंगला आम्ही सही देतो आणि न जुळलेल्याला 'रिपीट' लिहितो. 25 मार्कांचं टर्मवर्क, म्हणजे सत्रभराच्या प्रयोगांची वही (जर्नल), वेळेवर सबमिट झालं नाही तर नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये जातं. त्या मुलाच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. खरं तर मी तेच केलं होतं; आमच्या वेळी ड्रॉइंगच्या शीटला जीटी मारायचे, काचेखाली दिवा लावून. तेव्हापासून आजपर्यंत फक्त दिवा बदलला.

आता बल्बांची गोष्ट सांगते. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या लॅबचे मामा, म्हणजे अटेंडंट, निवृत्त होणार होते. जाण्याआधी त्यांनी एका लाकडी बोर्डवर दोन होल्डर सिरीजमध्ये जोडून दिले, मागून नीट झाकून, स्विच आणि फ्यूजसकट. एलईडीच्या जमान्यात पिवळे बल्ब मिळेनात. बाजारपेठेतल्या एका जुन्या दुकानदाराने माळ्यावरून शोधून दिले. एक 100 वॅटचा, एक 40 वॅटचा. प्रश्न एवढाच: दोन्ही सिरीजमध्ये लावून बटण दाबलं तर जास्त उजेड कोणाचा?

मी मुलांना सांगितलं, बटण दाबायच्या आधी उत्तर लिहा, कारण लिहा, आणि पेनाने लिहा. खोडायचं नाही.

सीईटीला नव्वदच्या वर पर्सेंटाइल मिळवून आलेली मुलं होती. बहुतेकांनी लिहिलं, 100 वॅटचा. काहींनी लिहिलं, जो आधी येतो त्याचा जास्त, कारण तो करंट खातो आणि दुसऱ्याला उरलेला मिळतो. 'करंट खातो' हा शब्द मी पुढे दर वर्षी वाचत आले आहे. आपण घरी म्हणतोच की, गिझर करंट फार खातो. भाषेतून आलेली ही समज इतकी पक्की असते की तोच मुलगा दुसऱ्या पानावर सिरीजमध्ये करंट सगळीकडे सारखा असतो असं लिहितो आणि गणितही बरोबर सोडवतो. दोन्ही समजा डोक्यात शेजारी शेजारी राहतात, एकमेकींची ओळख नसलेल्या भाडेकरूंसारख्या.

बटण दाबलं. 40 वॅटचा उजळला. 100 वॅटचा नुसता लाल, निखाऱ्यासारखा.

त्यानंतर वर्गात जो गोंगाट झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. "मॅडम, बल्ब उलटे लावलेत." जागा बदलून पाहिली. तसंच. मग एक मुलगी फळ्यापाशी गेली आणि 230 चा वर्ग भागिले 40, 230 चा वर्ग भागिले 100 करायला लागली: एकाचा रोध साधारण 1320 ओहम, दुसऱ्याचा 529. करंट तोच, मग ज्याचा रोध जास्त त्यात वॅट जास्त. हे मी वर्गात तीन वेळा सांगितलं होतं. आता ते तिचं झालं.

पण खरी गंमत पुढे आहे. एकाने 100 वॅटचा बल्ब काढून रोध मोजायला मल्टिमीटर लावला आणि ओरडला, "मीटर खराब आहे!" 529 यायला हवे होते, 40 च्या आसपास येत होते. दुसरा मीटर आणला. तेच. अर्धा तास त्यांचा वाद चालला. मी तोंड बंद ठेवलं (हे फार कठीण काम आहे, शिक्षकी पेशातलं सर्वांत कठीण). शेवटी कोणीतरी म्हणालं, "बल्ब आत्ता गार आहे." आणि मग एका मुलाला ती व्याख्या आठवली. तापमान स्थिर असताना. ती चार अक्षरं व्याख्येत कशासाठी आहेत, हे त्या बॅचला त्या दिवशी कळलं. मलाही, प्रामाणिकपणे सांगायचं तर, त्या शब्दांचं वजन त्याच दिवशी नीट जाणवलं.

त्या प्रयोगाचं जर्नलचं पान मी तपासायला घेतलं तेव्हा माझ्यापुढे पेच पडला. पहिली ओळ चूक. कारणही चूक. मीटरचं रीडिंग गणिताशी जुळत नाही. आपल्या रूब्रिकप्रमाणे, म्हणजे गुणांच्या ठरलेल्या निकषांप्रमाणे, त्या पानाला दहापैकी चार मार्क बसत होते. आणि माझ्या सगळ्या कारकिर्दीतलं ते सर्वांत चांगलं पान होतं.

माझा हा अनुभव एका लॅबचा आहे, त्यावर अभ्यासक्रम बदलता येत नाहीत, हे मला मान्य आहे. पण जगात याच्यावर पुष्कळ काम झालं आहे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी 1990 च्या सुमारास आपल्या मुलांना बल आणि गतीवरची अगदी साधी, आकडेमोड नसलेली चाचणी दिली. एका विद्यार्थिनीने विचारलं, याची उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मला वाटतं तशी? आपल्या राज्यात हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही एवढाच फरक. 2014 मध्ये अमेरिकेत विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरच्या 225 अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी 34 टक्क्यांच्या आसपास मुलं नापास होत होती, मुलांना विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत 22 टक्क्यांच्या आसपास. एटीकेटीच्या याद्या ज्यांच्या टेबलावर येतात त्यांनी या दोन आकड्यांमधलं अंतर आपापल्या कॉलेजच्या पटावर मोजून बघावं. आणि मोठ्या वर्गाचं कारण सांगणाऱ्यांसाठी मुंबईचंच उदाहरण आहे. तिथल्या आयआयटीत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या भल्यामोठ्या वर्गात 'आधी एकट्याने विचार कर, मग शेजाऱ्याशी बोल, मग सगळ्यांना सांग' एवढीच साधी रीत वापरली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी 83 टक्के मुलं त्या कामात गुंतलेली आढळली. माझ्या वर्गात दुपारच्या तासाला जागी असलेली मुलं मोजली तरी हा आकडा येत नाही.

प्रोग्रॅमिंगचं निघालंच आहे तर शेजारच्या विभागातल्या माझ्या मैत्रिणीचा किस्सा सांगते. ती 'व्हेरिएबल म्हणजे डबा' असं शिकवायची. सगळेच शिकवतात. एकदा तिने विचारलं: एक्समध्ये पाच ठेवले, मग वाय बरोबर एक्स केलं, आता एक्समध्ये काय आहे? निम्म्या वर्गाने सांगितलं, काही नाही. ती वैतागली. मग एका मुलाने शांतपणे समजावलं, "मॅडम, एका डब्यातली साखर दुसऱ्यात ओतली की पहिला रिकामाच होणार ना?" त्याचं काय चुकलं? तिने दिलेल्या विटांनी त्याने भिंत नीट बांधली होती. इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटचे मोर्देखाय बेन-आरी यांनी 1998 मध्ये नेमकं हेच मांडलं: नवशिक्याच्या मनात संगणक आतून कसा चालतो याचं उपयोगी चित्र नसतं, आपण ते मुद्दाम उभं करून दिलं नाही तर तो स्वतःचं एक बनवून घेतो, आणि मग यंत्र त्याला क्षणात खोटं ठरवतं. पाणी-हवा-बल याबद्दल मुलाला लहानपणापासून काहीतरी अनुभव असतो. मेमरीबद्दल काही नसतो. म्हणून 'विषय तांत्रिक आहे, इथे मत-बित नसतं, नियम सांगा आणि पुढे चला' हे म्हणणं तांत्रिक विषयातच सर्वांत महाग पडतं. माझी मैत्रीण आता पहिला आठवडाभर कोड लिहूच देत नाही. कागदावर चौकोन काढून, प्रत्येक ओळीनंतर चौकोनात काय आहे ते मुलांना भरायला लावते. सिलॅबसमध्ये मागे पडते म्हणून तिला मेमो मिळाला होता, ते वेगळं.

आता माझी फजिती. बल्बांच्या यशाने मी जरा हवेत गेले होते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना म्हटलं, मिनी प्रोजेक्टला तुम्हाला हवं ते बनवा, मी काही सांगणार नाही, शोधा आणि शिका. पंधरा गटांपैकी अकरा गटांनी एलडीआरवर (उजेड ओळखणाऱ्या सेन्सरवर) चालणारे स्ट्रीट लाइट विकत आणून ठेवले. सगळ्यांची पीसीबी एकाच हिरव्या रंगाची, सोल्डरिंग एकाच हाताचं. उरलेल्या चार गटांतली मुलं खरोखर धडपडली, पण त्यांना ट्रान्झिस्टरचे पाय ओळखता येत नव्हते. दोन महिने हैराण झाली आणि शेवटी रडकुंडीला येऊन त्यांनीही विकतचंच आणलं. मी त्यांना शोधायला सोडलं नव्हतं, वाऱ्यावर सोडलं होतं.

आमच्या गावी मी विहिरीत पोहायला शिकले. अप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, पाठीला वाळका भोपळा बांधला आणि काठावरून ढकललं. लोकांना ढकलणं तेवढं आठवतं. पण अप्पा त्याआधीच पाण्यात उतरून उभे होते, आणि दोराचं टोक त्यांच्या हातात होतं. आठ दिवसांनी त्यांनी लहान भोपळा बांधला. पंधराव्या दिवशी बांधलाच नाही, आणि मला ते मधल्या पाण्यात गेल्यावर कळलं. ज्ञानरचनावादाच्या नावाखाली भोपळाही नाही आणि अप्पाही नाहीत, अशी पद्धत कोणी आणली तर मी तिच्या विरोधात पहिली उभी राहीन. 2006 मध्ये कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी नवशिक्यांना किमान मार्गदर्शनावर सोडून देणाऱ्या पद्धतींवर कडक टीका केली. ती मला पटते. ज्याला मल्टिमीटर कुठल्या रेंजवर ठेवायचा ते माहीत नाही त्याला ते सरळ सांगावं, दाखवावं, त्याच्याकडून चार वेळा करून घ्यावं. व्याख्यानालाही माझा विरोध नाही. त्या बल्बांनंतर मी जे वीस मिनिटांचं व्याख्यान दिलं ते मुलांनी ज्या कानांनी ऐकलं, तसे कान मला आधी कधी मिळाले नव्हते. आधी प्रश्न पडला होता, म्हणून उत्तर हवं होतं.

हे सगळं नीट करून दाखवलेली एक जागा पुण्यापासून फार लांब नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा अर्धवट सुटलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती अशी गावाला लागणारी खरी कामं करत त्यातलं विज्ञान शिकतात. मुलाने केलेलं वेल्डिंग कुणाच्या तरी फाटकाला लागणार असतं, त्यामुळे सांधा सुटला तर सहीने भागत नाही. दहावी नापास मुलाला जी संधी तिथे मिळते ती आपल्या बी.टेक.च्या मुलाला, लाखभर फी भरून, चार वर्षांत एकदा तरी मिळते का, याचं उत्तर मंडळाने एकदा शोधावं.

तर ते पान. माझी विनंती अशी आहे की टर्मवर्कच्या नियमात एक ओळ घालावी: प्रत्येक प्रयोगाच्या आधी विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत, पेनाने, 'काय होईल आणि का' हे लिहावं, त्या पानावर शिक्षकाने प्रयोगापूर्वी सही करावी, प्रयोगानंतर तिथेच खाली 'माझं काय चुकलं किंवा काय बरोबर निघालं' हे लिहावं, आणि 25 पैकी दहा मार्क या पानाला असावेत, अंदाज बरोबर आहे की चूक याचा विचार न करता, कारण दिलं आहे का आणि नंतर त्या कारणाशी झटापट केली आहे का, एवढं बघून. आठ-दहा प्रयोगांची यादी सहावर आणावी, म्हणजे एका प्रयोगाला दोन आठवडे मिळतील. त्यातल्या दोन प्रयोगांच्या नावात 'पडताळणी' हा शब्द नसावा. तोंडी परीक्षेत एक्स्टर्नलने व्याख्या विचारण्याऐवजी जोडणीतली एक वायर हलवावी आणि विचारावं, आता काय होईल? प्रोग्रॅमिंगच्या तोंडी परीक्षेत कोडमधली एक ओळ बदलून तेच विचारावं.

हे पान मराठीत लिहायची मुभा असावी. 2021 मध्ये तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद असलेल्या एआयसीटीईने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. त्यासाठी आख्खी पुस्तकं भाषांतरित करायचा घाट घातला जातो आणि 'इलेक्ट्रॉनिक्स'ला प्रतिशब्द शोधण्यात समित्या बसतात. पोरांना रोध, विभवांतर नको आहे. 'इकडून करंट आला तर ह्याला कमी भेटल' असं त्याला लिहू द्या. तो काय समजतो ते मला त्या वाक्यातून कळतं, इंग्रजीतल्या पाठ केलेल्या परिच्छेदातून कधीच कळलेलं नाही.

आपण म्हणाल, अंदाजही कॉपी करतील. करतात. पहिल्या वर्षी एका बॅचमधल्या चौदा जणांनी एकच चुकीचा अंदाज, एकाच स्पेलिंगच्या चुकीसह लिहून दिला होता. मी हसले आणि चौदाही जणांना पूर्ण मार्क दिले. चूक की बरोबर याला मार्कच नाहीत हे त्यांना कळायला तीन आठवडे लागले. मग कॉपी करण्यात अर्थ उरला नाही. पूर्ण थांबली असं म्हणणार नाही. आपण म्हणाल, सगळ्यांना तपासणीचं ओझं होईल. आत्ता आम्ही सुबक अक्षरातली वीस सारखी जर्नलं तपासतो, त्याला काही तपासणं म्हणत नाहीत. ते सह्यांचं काम आहे. वेगवेगळी वीस पानं वाचायला वेळ लागतो, हे खरं. तो वेळ सीओ-पीओच्या तक्त्यांमधून काढून द्यावा. तासिका तत्त्वावरच्या तरुण शिक्षकांवर हे लादताना त्यांच्या मानधनाचाही विचार व्हावा, कारण तासाचे पैसे मोजून देणाऱ्या व्यवस्थेने त्यांच्याकडून घरी नेऊन वाचायची अपेक्षा ठेवू नये.

आणि एक गोष्ट कृपा करून लेखी द्या. हा बदल करणाऱ्या शिक्षकाचा विद्यार्थी फीडबॅक पहिल्या वर्षी घसरतो. माझा घसरला होता; 'मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात' असं एकाने लिहिलं होतं. 2019 मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलं स्वतः डोकं चालवावं लागणाऱ्या वर्गात जास्त शिकली होती, पण त्यांना वाटलं होतं की गुळगुळीत व्याख्यानातच आपण जास्त शिकलो. डोक्याला ताण पडला की काहीतरी चुकतंय असं वाटतं. तेव्हा त्या फीडबॅकवरून दोन वर्षं कोणाची वेतनवाढ अडवू नये.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मला दहा मिनिटं द्यावीत, ही शेवटची विनंती. मामांचा बोर्ड मी घेऊन येईन. आता त्यावर तीन होल्डर आहेत आणि तीनही बल्ब एकसारखे, 60 वॅटचे. पहिला सिरीजमध्ये आहे, पुढचे दोन एकमेकांना पॅरलल. तीनही पेटलेले असताना पॅरलल जोडीतला एक बल्ब मी काढून घेणार आहे. उरलेल्या दोघांचं काय होईल, प्रत्येकाचा उजेड वाढेल, कमी होईल की तसाच राहील, हे प्रत्येक सदस्याने आधी कागदावर लिहायचं. शेजाऱ्याचं बघायचं नाही. आणि पेनाने.

आपली नम्र,
बेसिक इलेक्ट्रिकलची एक शिक्षिका

ता.क. तो विहिरीवरच्या मोटारीचा मुलगा आता कुठे आहे मला ठाऊक नाही. त्याच्या वाचनात हे पत्र आलं तर त्याच्या प्रश्नाचं उत्तर वर पाचव्या परिच्छेदात आहे. उशीर झाला, बाळा.